आपण बघू

पडदेवाल्या मावशींना कुणी गंडवू शकेल, असं वादळाआधी कुणी म्हटलं असतं तर गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं. बोटभर कापड कमी भरलं तरी दुकानदाराला दारातून परत पाठवणारी बाई ती. एखादं गिऱ्हाईक हात पसरून म्हणायचं, "खिडकी अंदाजे एवढी आहे, मावशी." मावशी चष्म्यावरून बघायच्या. "मग पडदाही अंदाजे शिवते. अंदाजे लाव." आणि टेप गळ्यात टाकून स्वतःच माप घ्यायला निघायच्या.

नवरा गेल्यावर याच शिलाईवर त्यांनी मुलीचं लग्न केलं आणि घर राखलं. खाली स्वयंपाकघर आणि निजायची खोली. वर कौलांखाली मशीन, कापडाचे गठ्ठे आणि कापायचं लांबलचक टेबल. वरची खोली बंद पडली की मावशींची चूल बंद पडली, इतकं सरळ होतं ते. वादळाने नेमका तिथेच घाव घातला. कोपऱ्यातली कौलं उडाली आणि टेबलावर धार लागली.

सकाळी मावशी बादल्या उपसत होत्या, तेवढ्यात दारात एक माणूस उभा. खांद्यावर शिडी, अंगात स्वच्छ शर्ट, बोलणं लोण्यासारखं. छपराची कामं घेणारा कंत्राटदार.

"घाबरायचं नाही, मावशी. आपण बघू."

मावशी फसल्या त्या इथे, या एका शब्दापाशी. त्या घरात 'आपण' म्हणणारं कितीतरी वर्षांत कुणी उरलं नव्हतं. मुलगी दूरगावी, ती फोनवर म्हणायची, तू गोळ्या घे, तू जिना जपून चढ. हा म्हणाला, आपण छप्पर नीट करू, आपण विमा कंपनीशी बोलू, आपल्या खिशाला तोशीस लागणार नाही. एवढ्या 'आपण'ने मावशी विरघळल्या. त्याने पुढे केलेल्या कागदावर, कापडाचा ताका उलटून पालटून बघणाऱ्या या बाईने, न वाचता सही केली.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आधी कंपनीला तर कळव. यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाहीये, गळतंय. म्हणून तर त्याला काम दिलंय," मावशी म्हणाल्या. वर आणखी एक टोमणा हाणला, "तू तिकडून सल्ले दे. तो इथे शिडीवर चढतोय."

छपरावर घालायला ताडपत्री हवी म्हटल्यावर मावशींनी ती स्वतः शिवली. दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यांना कड्या बसवल्या. कंत्राटदाराने तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि तिच्याआड तो कामाला लागला. वरून ठोकाठोक ऐकू यायची. "सैल झालेली कौलं काढतोय," तो सांगायचा. मावशी त्याला आल्याचा चहा वर पाठवायच्या. समोरच्या नर्सबाईंच्या छपराचंही नुकसान झालं होतं. मावशी त्यांना म्हणाल्या, "याच्याकडेच दे काम. माझ्या शब्दावर दे."

मग विमा कंपनीकडून पाहणी करायला एक बाई आल्या. त्यांनी ताडपत्री वर उचलली, बराच वेळ खाली वाकून पाहिलं आणि मावशींना शिडीवर बोलावलं. कोपरा वादळाने नेला होता, ते खरंच होतं. पण त्यापलीकडचं अर्धं छप्परही फुटलं होतं, आणि प्रत्येक कौलाला मधोमध तडा होता.

"वारा कौल उचलतो," पाहणीवाल्या बाई म्हणाल्या. "त्याच्या हातात हातोडी नसते. हे कुणी फोडायला लावलं, मावशी?"

प्रश्न मावशींनाच होता, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. क्लेम तिथेच अडकला.

त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला. तो एकदाही अडखळला नाही. "घर तुमचं, क्लेम तुमचा, सही तुमची. आमचा काय संबंध? आणि फार बोललात तर मी सांगेन, जास्त पैसे मिळावेत म्हणून मावशींनीच फोडायला लावलं."

मावशी टेबलाशी बसून राहिल्या. छपराचं दुःख होतंच. पण आपण डोळे फोडून शिवलेल्या ताडपत्रीआड तो आपलंच घर फोडत होता, आणि आपण खालून चहा पाठवत होतो, याने त्यांचा जीव जळत होता. खूप रडल्या. डोळे पुसून खिडकीबाहेर पाहिलं, तर तीच शिडी समोर नर्सबाईंच्या भिंतीला लावलेली.

गप्प बसणं सोयीचं होतं. बोललं तर गल्लीभर हसं, आणि तो उलटला तर खोटारडी म्हणून नाव. मावशींनी पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात तो पेन पुढे करून बसला होता. "आपण आधी सही उरकून घेऊ," तो म्हणत होता.

"या मावशी," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दावरच करतेय."

"तो शब्द परत घ्यायला आलेय," मावशी म्हणाल्या. "वादळाने माझा एक कोपरा नेला. उरलेलं याने हातोडीने फोडलं. मी मूर्ख, वर त्याला चहा पाजत होते. आता हा सांगेल की मीच फोडायला लावलं. तुला पटेल ते मान, पण सही करायच्या आधी कंपनीच्या माणसाला छप्पर दाखव."

कंत्राटदार हसत उठला. "काहीतरी गैरसमज झालाय, मावशी. चला, आपण घरी बसून बोलू."

"आपण म्हणजे कोण रे?" मावशींनी विचारलं.

नर्सबाईंनी पेन त्याच्याकडे सरकवलं आणि दार उघडून धरलं.

घरी येऊन मावशींनी मुलीला सगळं सांगितलं आणि 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकायची तयारी ठेवली. पण मुलगी हलकेच म्हणाली, "मी उद्या निघते, आई. आपण बघू."

पोटच्या मुलीचा शब्द, पण तोही त्यांना आता उलटून पालटून बघावासा वाटला.