एकाच नावाच्या दोघी

मावळातल्या जुन्या नोंदी एकमेकींशी जुळवण्याचं काम मी दोन वर्षं लोणावळ्याच्या घरी राहून केलं. शाळांची दाखल रजिस्टरं आणि गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या यांचे फोटो काढायचे, त्यांतली नावं संगणकात भरायची आणि एकाच माणसाच्या नोंदी एकत्र आणायच्या. जोड्या संगणक सुचवायचा. खऱ्या की खोट्या, ते मी ठरवायचे.

एका मुलीच्या जोडीशी मी अडले. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं तंतोतंत. पण मृत्यूची नोंद शाळेत नाव घातल्याच्या सात वर्षं आधीची. लिहिणाऱ्यानं साल चुकवलं असणार, असं धरून मी जोडी मान्य केली आणि शेऱ्यात ‘साल चुकीचे’ असं लिहून पुढे गेले. अशा चुका रोजच सापडत.

काही दिवसांनी त्या गावच्या शाळेतल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या की त्या नावाच्या मावशी हयात आहेत, घोरावाडी स्टेशनजवळ मुलाकडे राहतात. जिवंत बाईला मी कागदावर मारून ठेवलं होतं.

मी भेटायला गेले. मावशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. काम काय ते सांगितलं, चूकही सांगितली. त्या रागावल्या नाहीत.

“ती माजी थोरली,” त्या म्हणाल्या. “ती गेली न् मागनं मी झाले. तिचंच नाव मला ठिवलं.”

हे त्यांना लग्नाच्या वेळी आत्यानं सांगितलं होतं. आईनं कधी विषय काढला नाही, आणि त्यांना त्या नावानं हाकही मारली नाही. घरात सगळे त्यांना बाय म्हणायचे. वहीत काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मी लॅपटॉपवरची ओळ वाचून दाखवली : वय तीन वर्षं, कारण ताप.

त्यांचे हात थांबले. “तीन वर्साची? मला वाटलं, तान्हीच गेली.” हातातली शेंग खाली ठेवत म्हणाल्या, “मंग चालत आसंल की ती. बोलत आसंल.”

मी त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसले.

घरी येऊन मी ती जोडी तोडली, दोघींना वेगवेगळे क्रमांक दिले आणि बहिणी म्हणून जोडलं. मग ‘साल चुकीचे’ असा शेरा मारलेल्या माझ्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासायला घेतल्या. त्यात आठवडे गेले. आणखीही काही ठिकाणी गेलेल्या भावंडाचंच नाव मागून आलेल्याला ठेवलेलं निघालं.

थोरलीच्या नोंदीच्या त्या ओळीची छापील प्रत मी मावशींना पोचवली. मुलगा फोनवर म्हणाला, आईनं ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे आणि पिशवी कुणाला हलवू देत नाही.