पांढरी पाटी

माझा धाकटा भाऊ सोमशेखर चित्रकार आहे. निदान त्याचं म्हणणं तसं आहे. कुठल्याशा कोर्सचं प्रमाणपत्र, खांद्यावर रुळणारे केस आणि आमच्या घराची रस्त्याकडची खोली, एवढ्या भांडवलावर तो चित्रकार झाला. माझा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्याला तिथं कामाला बसवलं, तर मागांच्या खडखडाटात साहेबांची प्रतिभा कोमेजायला लागली, म्हणून ती खोली त्याला दिली. तो तिला स्टुडिओ म्हणतो.

या माणसाचं वर्ष सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सुरू होतं. सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला जायचं, चार अक्षता मुठीत धरून घरी आणायच्या आणि पांढरा रंग दिलेल्या नव्या कॅनव्हासवर टाकायच्या. दोस्तमंडळी जमलेली असतात. मग सोमशेखर डोळे मिटून वर्षाचा संकल्प सांगतो. कधी सोलापूरच्या मागांवर मोठी चित्रमालिका, कधी रोज पहाटे उठून रेखाटनं, एकदा तर थेट पुण्यात प्रदर्शन. मंडळी टाळ्या वाजवतात, त्याच्या बायकोनं केलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी फस्त करतात आणि निघून जातात. कॅनव्हासचं लग्न लागतं, संसार काही होत नाही. पांढरेफटक कॅनव्हास भिंतीला टेकून उभे आहेत. विचारलं तर म्हणतो, "अण्णा, कॅनव्हास आधी मुरावा लागतो की." लोणचंसुद्धा याच्याआधी मुरतं.

त्याची बायको महेश्वरी मैंदर्गीची. त्यांचा संसार तिच्या भाकऱ्यांवर चालतो. मागच्या अंगणात पत्र्याखाली चुलीशी बसून ती भाकऱ्या थापायची, डोळे धुरानं कायम लाल. गिऱ्हाईक बोळातून वाट शोधत यायचं, निम्मं कंटाळून परत जायचं. मागच्या वर्षी ती माझ्याकडे आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काही मागितलं.

"भावजी, रस्त्याकडची खोली मला द्या की. पांढरी फडकी ठिवायला एवढी जागा लागती व्हय?"

मला तिची कीव आली आणि याचा संताप. सोमशेखरला बोलावून सांगितलं, "एक चित्र पूर्ण कर. एकच. पुढच्या अक्षतांपर्यंत झालं तर खोली तुझी, नाहीतर हिची."

"कलेला मुदत घालतोस, अण्णा?" तो दुखावला.

मग कामाला लागल्याचं नाटक सुरू झालं. ब्रश धुतले, वाळवले, पुन्हा धुतले. उन्हाळ्यात रंग फार लवकर सुकतात म्हणून थांबला, पावसाळ्यात सुकतच नाहीत म्हणून थांबला. दिवाळीत उजेड छान पडतो म्हणाला आणि त्या उजेडात फराळ खाल्ला. अक्षतांच्या दिवशी मी खोलीत गेलो. कॅनव्हास कोरा. मागच्या यात्रेतला एक तांदूळ रंगाला चिकटून बसला होता, तेवढंच काय ते काम.

खोली महेश्वरीला मिळाली. त्याच संध्याकाळी या निर्लज्जानं दोस्तांपुढे नवा संकल्प सोडला. "यंदा कला घराच्या कामी लावणार. महेश्वरीच्या दुकानाची पाटी मी रंगवणार!"

"खरंच रंगवणार न्हवं?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. पत्र्याच्या पाटीवर तिनं स्वतःच्या हातानं अक्षता टाकल्या.

पाटीला पांढऱ्या रंगाचे दोन हात बसले. मुरायला म्हणून ती दारावर टांगली गेली. आता पुढची यात्रा जवळ आली, पाटी अजून मुरतेच आहे. धंदा मात्र जोरात आहे. लोक पत्ता सांगतात, "पांढऱ्या पाटीचं दुकान." शेवटी महेश्वरीनं पिशव्यांवर तेच नाव छापून आणलं. पांढरी पाटी कडक भाकरी.

सोमशेखरनं पिशवी हातात घेऊन लांबून बघितली, जवळून बघितली. "कल्पना माझी आहे," तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. "खाली माझी सही पाहिजे."

महेश्वरीनं पिठाच्या हातानं पेन पुढे केलं. "करा की."

त्यानं पेन घेतलं, केस मागे सारले, बराच वेळ पिशवीकडे टक लावून पाहिलं.

"अक्षतांच्या दिवशी करतो," तो म्हणाला.