साकवाचे मधले दोन हात

चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी तात्या गेले. पोलादपूरहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने महाडला आमच्या शाळेच्या फाटकाशी निरोप दिला. शिपायाने तो वर्गात आणला. मी सातवीच्या पेपरावर देखरेख करत होते. घंटा होईपर्यंत थांबले, उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि स्टँडवर गेले.

तात्या माझे थोरले चुलते. आई मी पाळण्यात असताना गेली, वडील मुंबईला गिरणीत. तेव्हा तात्या आणि काकी हेच माझे आईबाप. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची बारा घरांची वाडी आणि तिच्या पायथ्याशी ओढा. पावसात ओढा भरला की पोलादपूरची वाट तुटते, म्हणून मृगाच्या आधी त्यावर साकव घालायचा. लाकडाचे दोन लांब सोट आडवे टाकायचे आणि त्यांवर बांबूच्या कामट्या काथ्याने आवळायच्या. दर घराचा दोन हात लांबीचा वाटा ठरलेला. एकाचा वाटा दुसऱ्याने बांधायचा नाही, कारण कामटी निसटून कुणी पडलं तर दोष कुणाचा हे कळलं पाहिजे. तात्यांचा वाटा मधला. खाली पाणी सर्वांत खोल असतं तिथला.

मी चौथी पास झाले त्या वर्षी गावकी देवळात बसली आणि वाडीतल्या मुलींनी यापुढे पोलादपूरच्या शाळेत जायचं नाही असं ठरलं. पोरांच्या बरोबरीने चालत जाणं बरं दिसत नाही, एवढंच कारण. जाणारी मी एकटीच होते. मी देवळाच्या पायरीशी उभी राहून ऐकत होते. तात्या उठले. "लावणी कवा करायची ते गावकीनं सांगावं. माझ्या खाचरातलं पानी खालच्याच्या खाचरात जातं, तितं माझा एकट्याचा हुकूम चालायचा नाय. पन पोरीनं शिकावं का नाय, ह्यात कुनाचं पानी अडतंय?"  पाटीलबाबा तात्यांना म्हणाले, "भिकू, लय बोलतूस." त्याच बैठकीत आमचं घर वाळीत पडलं. परत यायचं असेल तर दंड भरायचा आणि चूक कबूल करून देवापुढे नारळ ठेवायचा.

पाणवठा बंद झाला. तात्या खालच्या नदीवरून कावडीने पाणी आणू लागले. चढ असा की रिकाम्या हाताने धाप लागावी. एका संध्याकाळी मी अंगणात त्यांना म्हणाले, "तात्या, मी शाळा सोडते." त्यांनी कावड उतरवली. मला ते आयुष्यात एकदाच रागावले, ते तेव्हा. "तू शाळा सोडलीस त ही कावड मी कशापायी व्हातो गो?" मग पुन्हा खांद्यावर घेऊन ते घरात गेले. पाण्यावर आंब्याचं पान तरंगत होतं. हिंदकळू नये म्हणून ते घालायचे.

त्या वर्षीचा साकव मी विसरणार नाही. गावकीने ठरवलं होतं की तात्यांचा हात साकवाला लागू द्यायचा नाही. आणि दुसऱ्याचा वाटा बांधायचा नाही हा नियम तर आजोबा-पणजोबांपासूनचा. दोन्ही नियम अकरा घरांनी इमानदारीने पाळले. साकव तयार झाला तेव्हा मध्ये दोन हात नुसतं आभाळ! ओढ्याकाठी सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. पाटलीणबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघाल्या, मध्यापर्यंत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवो, हे काय? मधी भोक? आता ह्या वयात उड्या मारू का काय मी?" त्या मागल्या पावली परतल्या आणि येताना नवऱ्याला जे बोलल्या ते इथे लिहिता येत नाही.

तेवढ्यात तात्या आले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, खांद्यावर कामट्यांची मोळी.

पाटीलबाबा पुढे झाले. "हात लावू नकोस भिकू. आधी नारळ ठेव."

"नारळ ठेवायचा त चूक पायजे. कुठं हाय ती? दाखव, ठेवतो." सोटांवर दोन्हीकडे पाय टाकून ते बसले. "उद्या माझी पोर ह्याच्यावरनं शाळेत जायची. तुझी बायको बी जायची. दोघींपायी येकच गाठ बांधावी लागती, त्याला मी काय करू?"

कुणी अडवलं नाही. पाटीलबाबा डोंगराकडे बघत राहिले...

वडिलांनी मुंबईला बोलावलं तेव्हाही तात्या गेले नाहीत. ज्यांनी पाणी तोडलं त्यांच्यासाठी दर वर्षी साकव का बांधता, असं मी तरुणपणी चिडून विचारलं. "गाव पाटलाचं हाय का? माझं बी हाय. म्हनून त भांडतो," एवढंच ते म्हणाले. पुढे मी विज्ञान शिकवू लागले. सुट्टीत त्यांना समतोल समजावून सांगितला: दोन बाजूंची ओढ सारखी झाली की वस्तू जागच्या जागी राहते. ते हसले. "मंग तुझी कावड नदीवरच ऱ्हायली की गो. चालताना दोनी घागरी कवा सारख्या नसतात. हात लावत जायचा, आन खांदा बदलाया आला पायजे." मी पुढे तो धडा पुस्तकातल्यासारखा शिकवला नाही. माणूस मोकळा असावा की समाजाला बांधलेला, असे वाद महाडच्या वाचनालयात मी पुष्कळ ऐकले. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोनपैकी एकच घागर उचललेली असे.

बहिष्कार उठला असं कधी झालंच नाही. पाणवठा हळूहळू मोकळा झाला, लोक ओटीवर येऊ लागले. तात्यांना खांदा द्यायला सगळी वाडी आली. दंड आणि नारळ मात्र राहिले ते राहिलेच.

गेल्या आठवड्यात साकव घातला. मी कामट्या घेऊन गेले. पाटीलबाबा आता थकलेत. काठीवर रेलून म्हणाले, "बाई, आता त भिकूच्या नावानं नारळ ठेवा. म्हंजे वाटा रीतसर तुमचा."

"वाटा बांधायला आलेय, पाटीलबाबा. नारळ ठेवायला नाही. तात्यांची चूक तुम्हाला अजून सापडलेली नाही."

 मी तात्यांसारखीच सोटांवर बसले. माझे हात खडूचे. काथ्याने सोलून निघाले. पहिल्या तीन गाठी सुटल्या. काठावरून पाटलीणबाईंचा आवाज आला, "आवळ गो नीट! मला जायचं हाय पलीकडं."

आवळली. त्या माझ्यासमोरून पलीकडे गेल्या.

कावड पडवीत खुंटीला आहे. साकवाचे मधले दोन हात आता माझ्याकडे आहेत. नारळ ठेवलेला नाही.