एका माणसासाठी दोन कबरी

दोन ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्याचा ठराव प्रार्थनामंदिरात वाचला गेला तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते, आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता. देशभर वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येण्याची ती वर्षं. आमच्या बुऱ्हाणपुरातही दोन होत्या, एक मराठी आणि एक हिंदी. ठरावानंतर पाटीवरचं नाव एक झालं, पाळकसाहेब एक झाले. बाकी सगळं दोनच राहिलं. मंदिरं दोन, उपासना दोन, पंच दोन्हीकडचे वेगळे, आणि शहराबाहेरच्या कबरस्तानात मधोमध पुरुषभर उंच भिंत, तिच्या दोन बाजूंना दोन फाटकं. त्यातही मराठीवाल्यांचे मुख्य पंच म्हणजे माझे काका, माझ्या वडिलांचे, अप्पांचे थोरले भाऊ. हिंदीवाल्यांचे मुख्य पंच माझे मामा. लग्नात एका पंगतीला बसायचे, एकमेकांच्या ताटात वाढायचे. पण प्रार्थना कोणत्या भाषेत आणि आधी गीत की आधी शास्त्रपाठ, हा विषय निघाला की दोघंही उठून जायचे.

मला कॉलेजात पत्रकं लिहायची सवय लागलेली. फीवर लिहिलं, वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, मग कबरस्तानातल्या त्या भिंतीबद्दल लिहिलं. 'जिवंतपणी एक मंडळी आणि मेल्यावर दोन फाटकं?' अशी पहिली ओळ. दोन्ही मंदिरांच्या दारात उभी राहून मी ते वाटलं. काकांनी न वाचता घडी घालून खिशात ठेवलं. मामांनी वाचलं आणि म्हणाले, "मराठी में छापा है, बेटा. हमारे वालों को क्या समझेगा?" सगळा जन्म बुऱ्हाणपुरात गेलेल्या माणसांना मराठी कळत नाही म्हणे. अप्पांनी मात्र कागद उलटसुलट करून पाहिला आणि हसून म्हणाले, "देवाला कुठं जागाच ठेवली नाहीस बघ यात. खाली छापखान्याचं नाव तेवढं मावलं."

अप्पा पॉवरलूमवर होते. सुताचा बारीक कापूस वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्यांचा दम गेलेला. तरी रविवारी सकाळी मराठी उपासनेत पेटी वाजवायची आणि तिथून सायकल मारत हिंदी उपासना गाठायची, तिथेही तेच वाजवायचे. त्यांच्याइतका हात दोन्हीकडे कुणाचाच नव्हता, म्हणून दोन्हीकडचे त्यांना आपला माणूस समजायचे. मला याचा राग यायचा. मी म्हणायचे, अप्पा, एकदा ठणकावून सांगा, एकत्र बसणार असाल तरच वाजवतो. ते म्हणायचे, "मग त्या दिवशी गाणार कोण? सगळे माझ्याकडेच बघत बसतील."

वैशाखात त्यांनी अंथरूण धरलं. लोधीपुऱ्यातल्या आमच्या खोलीत पत्रा तापायचा, आई ओलं फडकं त्यांच्या छातीवर ठेवायची. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. वाक्य पुरं व्हायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. "मला कुठंही ठेवा. पण दोघांनी मिळून ठेवा. एवढं बघ." मी हो म्हटलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांच्या बरं होण्यासाठी मी प्रार्थना केली होती आणि तिचं काय होत होतं ते डोळ्यांसमोर दिसत होतं. निदान ही एक गोष्ट तरी माझ्या हातात आहे, असं मला वाटलं.

ते सकाळी गेले. आईने त्यांचा हात सोडला नाही, बराच वेळ. उन्हाचे दिवस, सूर्य मावळायच्या आत दफन करणं भाग होतं. मी सायकल काढली आणि आधी काकांकडे गेले. अप्पांचा निरोप सांगितला. काका ओसरीवर बसून रडत होते, मान हलवून म्हणाले, "येऊ दे की त्यांना. कोण अडवतंय?" मामांकडे गेले. ते म्हणाले, "हम क्यों नहीं बुलाएँगे तेरे काका को? आएँ, इज्जत से आएँ." मला बिचारीला वाटलं, जमलं.

शेजारच्यांनी हातगाडी दिली, रस्ताभर कुणी ना कुणी शवपेटीला हात लावत होतं. कबरस्तानासमोर पोचलो तेव्हा दोन्ही फाटकं उघडी होती. दोन्हीकडून माणसं बाहेर आली, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, हातात फावडी. काका म्हणाले, "चला, कबर तयार आहे." मामा म्हणाले, "तैयार तो इधर भी है."

दोन्हीकडे खोदली होती. भिंत मध्ये होती, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एका माणसासाठी दोन कबरी. एवढंच नाही, पेटीवर घालायची काळी चादर दोन्हीकडून आलेली, पांढऱ्या क्रुसाची. लाकडी क्रूस दोन्हीकडून आलेला, काकांच्या सुताराने आणलेल्या क्रुसावर अप्पांच्या नावाचा रंग अजून ओला होता आणि डबा-कुंचला त्याच्या हातातच. एकाची चादर दुसरा घालू देईना, म्हणून गाडीवरून उतरवलेली पेटी तशीच उघड्या लाकडाची, रस्त्यावर.

"माझा सख्खा भाऊ आहे तो," काका म्हणाले.

"और मेरी बहन का आदमी है. बहन से पूछो," मामा म्हणाले.

आईला कुणी विचारलं नाही. ती पेटीशेजारी धुळीत बसली होती, झाकणावर तळवा ठेवून. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आधा-आधा कर लो फिर." एकदोघं हसलेही. आईने ते ऐकलं. तिने दुसराही तळवा झाकणावर ठेवला. पाळकसाहेब नवे होते, भले होते, दोघांच्या मध्ये उभे राहून "बंधूंनो, बंधूंनो" म्हणत होते. खांदेकरी पेटी सोडून वादात शिरले. मी वर बघितलं आणि जे म्हटलं त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. मी म्हटलं, स्वतःचं घर तुला सांभाळता येत नाही, तर आम्हाला त्यात बोलावतोस कशाला? अप्पांनी आयुष्यभर तुझी पेटी वाजवली आणि आज त्यांना जमिनीत जायला जागा नाही. जागा नाही कसली, दोन आहेत.

तेव्हाच स्टेशनकडून एक टांगा आला. त्यातून रेल्वे पोलिसांचा एक शिपाई उतरला आणि त्याच्यामागे एक काळासावळा, बारीक अंगाचा माणूस, पांढरी लुंगी, चुरगळलेला सदरा. शिपाई कुणाला विचारावं म्हणून इकडेतिकडे बघत होता. त्या माणसाने समोर पाहिलं. चादर नसलेली पेटी, शेजारी बसलेली बाई, आणि बाजूला घोळक्याने उभे असलेले पुरुष. त्याला काय वाटलं असेल? बहुतेक हेच, की उचलायला माणसं कमी पडतायत. त्याने चपला काढल्या, पेटीच्या पुढच्या कोपऱ्याशी येऊन वाकला आणि उचलायला लागला. पेटी कलली. मी धावत जाऊन दुसरा कोपरा धरला. बाईने खांदा द्यायचा की नाही, हे विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

शिपाई मागून ओरडला, "अरे भैया, पहले अपनी वाली को तो देखो."

सगळ्यांनी टांग्याकडे पाहिलं. मागच्या बाजूला पांढऱ्या चादरीत कुणीतरी गुंडाळलेलं होतं.

त्याची बायको होती. शिपायाने सांगितलं, उत्तरेकडून दोघं दक्षिणेत आपल्या गावी निघाले होते, ती आजारी होती, खंडवा सोडल्यावर गाडीतच गेली. बुऱ्हाणपूरला उतरवलं. "गले में क्रूस था, तो मैं इधर ले आया." त्या माणसाला हिंदी समजत नव्हती, मराठी तर नाहीच. तो पेटीचा कोपरा धरून आमच्याकडे बघत उभा होता, आम्ही का थांबलोय हे त्याला कळत नव्हतं.

आधी मामा आले. मग काका. दोघांनी मागचे दोन कोपरे घेतले, शेजारी शेजारी. पुढे कुठे जायचं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो जवळच्या फाटकात शिरला. ते मामांच्या बाजूचं होतं. उंबऱ्याशी काकांचा पाय अडला, मला पेटीच्या ओझ्यातून ते कळलं. पण पेटी पुढे चालली होती आणि काका तिच्याबरोबर आत आले.

पाळकसाहेबांनी काय वाचलं, कोणत्या भाषेत, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या माणसाने मूठभर माती टाकली आणि मग आईसमोर हात जोडले.

शिपायाने विचारलं, "इनकी वाली को भी जगह मिल जाएगी क्या?" मामा सवयीने म्हणाले, "कौन से मिशन के हैं?" आणि लगेच खाली बघितलं. काका म्हणाले, "राहू दे रे भाऊ. आमच्याकडे एक तयार आहे."

मग मामांनी तिला उचलायला हात लावला आणि दुसऱ्या फाटकातून आत गेले, सगळे गेले. तिच्यावर दुसरी काळी चादर घातली. दुसरा क्रूस सुताराने पालथा केला, अप्पांचं नाव मागे गेलं, आणि कुंचला त्या माणसाच्या हातात दिला. त्याने आपल्या लिपीत तिचं नाव लिहिलं. वळणदार, गोल अक्षरं, आमच्यापैकी कुणालाच वाचता येईनात. मग त्याने प्रार्थना केली. प्रार्थनेची भाषा कोणती यावर भांडणारे सगळे माना खाली घालून उभे होते, आणि शेवटचा 'आमेन' सोडला तर एक शब्द कुणाला कळला नाही. तो मध्येच थांबला, त्याला पुढे बोलवेना. मामांनी त्याला धरलं. काकांना अप्पांचं आवडतं गीत आठवलं असावं, त्यांनी मराठीतच सुरू केलं. मराठी न समजणारे मामांचे लोकही म्हणू लागले, त्यांना पाठ होतं. पेटी वाजवायला कुणी नव्हतं. त्या वेळी मी रडले, सकाळपासून पहिल्यांदा.

आईने त्याला घरी नेलं, चहा दिला, केळीच्या पानात पोळ्या बांधून दिल्या. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. काका आणि मामा त्याला स्टेशनवर सोडायला गेले, एकाच टांग्यात. परतही बरोबरच आले.

मी याला चमत्कार म्हणत नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं. मला एवढंच माहीत आहे, की आमच्या हेकटपणाने जे जे दोन झालं होतं, त्यातलं एकही त्या दुपारी जादा ठरलं नाही. भिंत आजही उभी आहे आणि ती पडलीच पाहिजे हे मी आजही म्हणते, त्यावर दुसरं पत्रकही काढलं आहे. मराठीत आणि हिंदीत. पण अप्पांना दिलेला शब्द माझ्या हातून पुरा झाला नाही, काका-मामांच्याही नाही. तो पुरा केला गेला. माझ्या मुठीत काहीच उरलं नव्हतं तेव्हा केला गेला. प्रभूचे आभार मानताना मला अजून अप्पा आठवतात, आणि आभार तसेच अर्धे राहतात. तो ते अर्धेच घेत असेल.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे मंडळी कबरींवर मेणबत्त्या लावते. आई दरवर्षी आधी भिंतीपलीकडे जाते, त्या न वाचता येणाऱ्या नावाशी. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आई, अप्पा इकडे आहेत.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे सगळे येतील. तिचं इथं कोण आहे? आधी तिला."