तिरफळाशिवायची आमटी

मंडळी, आज दुपारी बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालायला मी विसरले. तिरफळ नसलं की बांगड्याचा उग्र वास मरत नाही, आणि आमचा बारावीतला अजय लहानपणापासून पहिल्या घासालाच विचारतो, "आये, तिरफळ खंय आसा?"

आज मुकाट जेवला. वर म्हणाला, "बरी झालीहा."

नाक बधिर झाल्याशिवाय हे होणं नाही. मी त्याचा शर्ट हुंगला, तर सिगरेटचा वास. खोदून विचारल्यावर कबूल झाला. "सगळी पोरां ओढतत. एक ओढली काय वाचलेलां डोक्यात रवता."

"मगे सकाळी काय वाचलंस, तां सांग."

तो पुस्तक शोधायला उठला. दहावीपर्यंत या पोराला धडेच्या धडे पाठ असायचे. आता सकाळचं दुपारी आठवत नाही, आणि म्हणे सिगरेटने डोकं चालतं. हे त्याच्या डोक्यात भरवलं कुणी?

ह्यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "परीक्षा होयपर्यंत गप रव. एखादी ओढली तर तरतरी येता."

तरतरी येते हे ह्यांना कसं ठाऊक? लग्न ठरलं तेव्हाच सोडली होती ना?

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर सांगा, आधी कुणाशी बोलू? कारण ती आमटी आज ह्यांनीही दोनदा वाढून घेतली, आणि तिरफळाचं नाव काढलं नाही.