शिहोरचा पास

रेल्वेच्या माणसाला वर्षाला तीन पास मिळतात. बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधल्या नयनाबाई शिर्के यांना ते तिन्ही कुठे जातात हे लग्न झाल्यापासून पाठ होतं. पहिला जेजुरीला, कुलदैवताला. दुसरा सासर-माहेरच्या लग्नांना. तिसरा कुणाच्या तरी तेराव्याला. पंच्याण्णव साली मात्र कुणी वारलं नाही आणि तिसरा पास उरला.

त्याच सुमाराला, नवऱ्याच्या साहेबांच्या बंगल्यावर सत्यनारायणाला गेल्या असताना त्यांना कोपऱ्यात एक पितळी घागर दिसली. तिच्यावर खास दिवा सोडलेला. असल्या दोन घागरी नयनाबाईंनी भांडीवालीला देऊन स्टीलचे डबे घेतले होते!

"शिहोरची आहे," साहेबांच्या बाई म्हणाल्या. "भावनगरच्या अलीकडे. लोक जुनं काढून टाकतात, तिथे वखारी भरल्यात. आणि गाव काय सुंदर! डोंगर, राजाचा जुना दरबारगढ, कुंड..."

झालं. नयनाबाईंच्या डोक्यात शिहोर बसलं. अहमदाबादला गाडी बदलायची, पुढे मीटरगेजची छोटी गाडी, एक मुक्काम धर्मशाळेत, घागर गुंडाळायला जुनी चादर. शेजारच्या यशश्रीने "काय वहिनी, या वयात हनिमून?" म्हणून चिडवूनही घेतलं.

त्यांचे यजमान विश्रामराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. संध्याकाळी ते पास घेऊन आले. नयनाबाईंनी वाचला. बडोदा ते जेजुरी.

"अर्ज भरताना हात आपोआप चालला गं. बावीस वर्षं तेच लिहितोय."

"मग हाताला सांगा, उद्या परत चालव."

"देवाला पुन्हा गेलो तर काय बिघडतं?"

"देवाचं काही नाही बिघडत. मांडव नाही, मयत नाही, नवस नाही, अशी मी एकदा तरी कुठे गेलेय का, सांगा."



दुसऱ्या दिवशी विश्रामराव नवा पास घेऊन आले तेव्हा कान लाल झालेले.

"कारकून विचारतो, 'विश्रामभाई, शिहोरमां कोण गुजरी गयुं?' कोण वारलं म्हणे! सगळं ऑफिस हसलं."

"मग?"

"म्हटलं, कोणी नाही. आमच्या घरच्या फिरायला निघाल्यात, मी सोबतीला."

नयनाबाई चहा टाकायला उठल्या.

शिहोरला उतरल्यावर त्या आधी कुंडच बघायला निघाल्या. गावाभोवती डोंगर. ब्रह्मकुंडाच्या पायऱ्या खाली, आणखी खाली गेलेल्या, भिंतींच्या कोनाड्यांतून मूर्तीच मूर्ती, आणि तळाशी हिरवं, न हलणारं पाणी.

"नुसत्या पाण्यासाठी एवढं घडवलं हो?" त्या पुटपुटल्या.

वखारवाल्याने दार उघडलं तशी उन्हाची पट्टी आत गेली आणि समोरची अख्खी भिंत झळाळली. घागरी, हंडे, पराती, लोटे, थेट आढ्यापर्यंत रचलेले. नयनाबाईंनी नकळत चपला बाहेर काढल्या. वखारवाला हसला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

विश्रामरावांनी एक घागर उचलली आणि बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले.

"सांधा सापडत नाही गं. आमच्याकडे एवढी मशिनं, तरी सांधा लपत नाही. आणि हे नुसत्या हातोडीने?" त्यांचा आवाज उतरला होता. मग भानावर येऊन म्हणाले, "शेठ, हीच द्या बांधून."

नयनाबाईंनी घागर त्यांच्या हातातून काढून जागेवर ठेवली.

"घाई कसली आहे?" म्हणत पदर खोचून त्या मागच्या रांगेत शिरल्या.