आठ वाजताचं इंजेक्शन

"ये किसका है?" मॅडमनं फ्रिजमधला माहा डबा वर धरला. ऑफिसच्या हॉलमध्ये बाराजण बसले होते.

"मेरा है, मैडम. इंजेक्शन है."

"कौन सी बीमारी?"

"खून की. पेट से हूँ, रोज लगाना पड़ता है."

"खून की!" तिनं डबा टेबलावर टाकला. रुमालानं बोटं पुसली. "कोटे से घुस गई, अब हमारे फ्रिज में अपना खून रखोगी? दिखाओ, कहाँ लगाती हो."

मी कुर्ता वर केला. हो, केला. बाराजणांसमोर. पोटभर निळे-काळे डाग. एकजण हसला. बाकीचे कॉम्प्युटरमध्ये पाहत राहिले.

नव्या रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात मॅडमच्या हाताखाली मी ठेक्यावर टायपिंग करत होती. घर जुन्या रायपुरात, गुढियारीत. बाप नागपूरकडून आलेला, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. आम्ही बौद्ध. मॅडमले ते माह्या आडनावावरून पहिल्याच दिवशी समजलं होतं.

ह्या खेपेच्या आधी माही दोन लेकरं पोटातच गेली. एक चौथ्या महिन्यात, एक सातव्यात. दुसरीले नखं आली होती. सासू म्हणे, हिचं पोटच खराब. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं दोनदा रक्त तपासलं, तेव्हा कारण समजलं. अंगच आपल्या रक्तावर उलटते. रक्ताच्या गुठळ्या होतात, नाळेतून लेकराले पोषण पोचत नाही. रोज एक गोळी, आणि सकाळी आठ, रात्री आठ, पोटात इंजेक्शन. चुकवायचं नाही.

ऑफिस नव्या इमारतीत हलवून राहिले होते, म्हणून साडेसातलेच हजेरी. मॅडमनं डबा टाकला त्या दिवसापासून मी तो बर्फाच्या थर्मासमध्ये नेला. सुई संडासात उभ्यानं टोचली. महिनाभर.

मग एक दिवस कोणीतरी बाहेरून दार ठोठावलं. जोरात. सुई हातून निसटून ओल्या फरशीवर पडली. त्या दिवशी जवळ दुसरी नव्हती.

सहावा महिना होता. दुपारी एकपासून पोटातलं हलणं बंद झालं. मी पाणी प्याली. डाव्या कुशीवर होऊन बाकावर पडली. काही नाही. सातव्या महिन्यातली ती नखं डोळ्यासमोर. चार वाजता एक लाथ बसली. एकच. मी तोंडात ओढणी कोंबून रडली.

त्या तीन तासांत मले समजलं. लाज मॅडमनं दिली होती, पण संडासात लपवून तिले पोसलं मी. आणि ती लाजच माह्या लेकराच्या जिवावर उठली होती.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी खुर्चीत बसूनच कुर्ता बाजूला केला. सुई लावली. मॅडम आली.

"ये क्या तमाशा है?"

सुई पोटात होती. मी हात हलवला नाही. औषध पुरं आत जाऊ दिलं. मग बोलली, "दवाई है. यहीं लगेगी. उस दिन आपने जो बोला, वो मैंने लिखकर ऊपर दे दिया है. पूरा."

आदल्या दिवशी संध्याकाळीच अर्जात तिचे शब्द जसेच्या तसे लिहून वरच्या साहेबाकडे दिले होते. खाली सही. साक्षीदार म्हणून एकानंही नाव दिलं नाही.

महिनाअखेर माहा ठेका संपवला. दोन महिन्यांनी ऑपरेशन करून पोट्टी काढली. दोन किलोची, पण रडली. त्यानंतरही सहा आठवडे सुई चालू होती. बीमारी काही जात नाही, ती अंगातच आहे.

मागच्या आठवड्यात ऑफिसातला बाबू घरी आला. "अर्जी वापस ले लो, दीदी. मैडम का प्रमोशन अटका है. आपको फिर रख लेंगे."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "घेऊन टाक मागं. काहून वैर घेतं?"

"वैर मी नाही घेतलं," मी म्हटलं.

अर्ज मागे घेणार नाही. चौकशीची तारीख लागली की एकटी जाईन. चौकशीवाले आवाज कमी करायले सांगतील. मी एकेक शब्द मोठ्यानं म्हणीन, आणि लिहून घ्यायले लावीन.